भैय्या, तो रिपोर्ट जरा बाजूला ठेव

भैय्या,

फोनवर बापाला असलं बोलता येत नाही म्हणून लिहितोय, आणि तू पण वाचून टाक, लगेच फोन नको करू. तू वीर्य तपासणीच्या रिपोर्टचा फोटो पाठवला, शुक्राणूंचा काउंट मिलिलिटरमागे 1 कोटी 10 लाख, आणि खाली लिहिलं की पप्पा हे सगळं पाकिटातल्या केमिकलमुळे झालं. आता माझं रावेरातलं दुकान चालतं ते या पाकिटांवरच, म्हणून रात्री शटर पाडल्यावर बसलो चष्मा लावून पाकिटं उलटी करत. नूडल्सच्या मसाल्यावर 621, म्हणजे आपण अजिनोमोटो म्हणतो ते, सॉसवर 211, म्हणजे माल टिकवायचं सोडियम बेंझोएट, पिवळ्या कुरकुरीत मालावर 102, म्हणजे टार्ट्राझिन नावाचा पिवळा रंग. अक्षर इतकं बारीक की टॉर्च लावावा लागला बघ.

मग डॉक्टरांना विचारलं, गोल गोल करून विचारलं, पण ते समजले. म्हणाले 621 आणि 102 वर उंदरांवर प्रयोग झालेत, भरपूर डोस दिल्यावर शुक्राणू घटले, पण माणूस रोज एवढं खात नाही आणि माणसांवरचा पक्का पुरावा नाही. 171 नावाचा पांढरा रंग युरोपने 2022 मध्ये खाण्यातून बंद केला, तो पण पेशीतल्या जनुकांना धोका नाही असं खात्रीने म्हणता येईना म्हणून, शुक्राणूंसाठी नाही. खरा पुरावा कसा असतो ते आपल्या केळीवाल्यांनी ऐकायला पाहिजे, डीबीसीपी म्हणून सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे बारीक जंत, मारायचं औषध होतं, 1977 ला कॅलिफोर्नियात ते बनवणाऱ्या कारखान्यातल्या माणसांचे शुक्राणूच संपलेले निघाले, आणि तेच औषध कोस्टा रिकाच्या केळीबागांत वापरलं, तिथले पण कितीतरी मजूर बाप होऊ शकले नाहीत. त्यापुढे तुझी नूडल्स म्हणजे काहीच नाही. तरी रोज रात्री 11 ला तेच खायचं हे मला पटत नाही, त्यात मीठ, मैदा, तेल, वजन वाढतं, आणि वाढलेलं वजन शुक्राणूंना चांगलं नाही हे डॉक्टर ठासून बोलले. बाजारातली ती भडक पिवळी सुटी बुंदी मात्र बंदच कर, त्यात मेटॅनिल येलो नावाचा रंग निघतो कधी कधी, त्याला खाण्यात परवानगीच नाही.

आता खरी गोष्ट. मिलिलिटरमागे 1 कोटी 60 लाख शुक्राणू हा डब्ल्यूएचओचा 2021 चा खालचा आकडा आहे ना, तो पास-नापासचा नाही, ज्यांना वर्षाच्या आत मूल राहिलं त्या बाप्यांमधले 5 टक्के त्याच्या खालीच होते. आणि तू विसरला का, दीड महिन्यापूर्वी तुला डेंग्यू झाला होता, चार दिवस 103 ताप? शुक्राणू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात, तापाने तेव्हाचा माल बिघडतो, म्हणून एका रिपोर्टवर काही ठरत नाही, आता दोन-तीन महिने थांबून परत कर. तोपर्यंत लॅपटॉप मांडीवर नको, सिगरेट नको (मला माहितीये), गरम पाण्याच्या टबात बसणं नको.

कळण्याचं पीठ आणि वांगी पाठवतोय, भरताची हिरवीगार, लांबट नाही. भाजायला गॅस चालतो, चव मात्र काड्यांवरची नाही येणार.

आईला अजून काही सांगितलं नाही. तुझी आत्या सूनबाईला परत विचारायला लागली तर तिला उत्तर देऊ देऊ नको, म्हणावं दुकानात फोन लावा, बघतो मी.

पप्पा