मिरजेच्या काकूंना, मनापासून

सलाम काकू,

तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "देवाला सांग" म्हणता आणि चहा ठेवायला आत जाता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय. माझ्यासारखा अजून कुणी अडकला असेल तर त्यालाही उपयोग होईल.

मार्चमध्ये धाकट्या भावानं पिकअप घ्यायचं ठरवलं, पतसंस्थेचं सहा लाखांचं कर्ज आणि जामीनदार म्हणून सही माझी. आई म्हणत होती सख्खा भाऊ आहे, कर की सही, बायको म्हणत होती पोरीच्या शिक्षणाचं काय, आणि मी रोज रात्री देवा मार्ग दाखव म्हणून प्रार्थना करत होतो, पण खरं सांगायचं तर मनात 'नाही' आधीच ठरलं होतं, त्यावर फक्त देवाचा शिक्का मारून पाहिजे होता.

त्या संध्याकाळी आलो तेव्हा तुम्ही मेथी निवडत बसला होता. माझं सगळं ऐकून घेतलंत, जुडी संपेपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं आता बायबलमधल्या नीतिसूत्रे पुस्तकाचा ६ वा अध्याय काढणार, जामीन राहून अडकलास तर हरणासारखी स्वतःची सुटका करून घे असं तिथं स्पष्टच आहे, म्हणजे माझं काम झालं. तुम्ही काढलं बायबलमधलंच याकोबाचं पत्र. ज्याला ज्ञान कमी पडतं त्यानं देवाकडं मागावं, तो दोष न लावता देतो, हे १:५, म्हणजे पहिल्या अध्यायातलं पाचवं वचन, मला लहानपणापासून पाठ. पण तुम्ही ३:१७ वर आणलंत आणि कॅलेंडरच्या फेब्रुवारीच्या पानामागं एकाखाली एक शब्द लिहिलेत, शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, ऐकून घेणारं, दयेनं भरलेलं, पक्षपात नाही, ढोंग नाही. चष्मा वर सरकवून म्हणालात, "वरून येणारं ज्ञान असं असतं. तुझं 'नाही' पहिल्या शब्दाला तरी उतरतंय का बघ."

नाही उतरलं काकू. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा भाऊ पुण्यात होता, आला नाही, फोनपण दोन दिवसांनी केला, ते मी इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं आणि आता सही नाकारून वसूल करणार होतो, वर नाव देवाचं. ते पान हातात धरून तुमच्या ओट्यावर रडलो, तुम्ही नुसतं पाणी आणून दिलंत.

सही कर किंवा करू नको असं तुम्ही सांगितलं नाहीत याचे सगळ्यात जास्त आभार. मन साफ कर आणि मग हिशेब कर म्हणालात, बुरूज बांधणारा आधी बसून खर्च मोजतो ते प्रभू येशूचं उदाहरण, लूक १४. दुसऱ्या दिवशी पतसंस्थेत जाऊन नीट विचारलं तर कळलं, कर्जदाराइतकीच जबाबदारी जामीनदाराची असते, हप्ते थकले तर वसुली थेट माझ्याकडंही येऊ शकते. घरी पगार आणि खर्च वहीत मांडला, एवढं ओझं झेपणार नाही हे सरळ दिसलं. म्हणजे उत्तर 'नाही'च आलं, पण भावाकडं गेलो ते आधी पुरातल्या रागाची माफी मागायला. मग सांगितलं सही जमणार नाही, पण पन्नास हजार देतो, परत मागणार नाही. तो चिडला. महिनाभर बोलला नाही. नंतर त्यानं सेकंडहँड गाडी घेतली, छोटं कर्ज काढून, आणि पहिलं भाडं मिळालं तेव्हा फोन आला.

आणि ती सांगलीच्या आयर्विन पुलाची गोष्ट. तिथं कृष्णेचं पाणी चाळीस फुटाला गेलं की इशारा, पंचेचाळीसला धोका, शहाणा सांगलीकर चाळीसलाच सामान माळ्यावर चढवतो, मग देवाकडं जाताना पंचेचाळीसची वाट का बघतोस, असं म्हणाला होता तुम्ही. तेव्हापासून नीतिसूत्रे रोज वाचतोय, तारखेप्रमाणं एक अध्याय, एकतीसच आहेत ना. पंधरा तारखेला मृदू उत्तरानं राग जातो ते वाचून गेलो आणि दुकानात गिऱ्हाईक ओरडलं तेव्हा आवाज खाली ठेवता आला. दर वेळी जमतं असं नाही.

भाऊ अजून पूर्वीसारखा मोकळा होत नाही, मीही घाई करत नाही. कॅलेंडरचं पान बायबलमध्ये ठेवलंय, घडीवर फाटायला लागलंय. रविवारी उपासना झाली की येतो, दुसऱ्या कागदावर पुन्हा लिहून द्या, भावानं मागितलंय.

तुमचा,
गावभागातला पोरगा