नाव टाका, पूर्वज मिळवा?

मा. संपादक,

कालच्या रविवार पुरवणीतला पूर्वज शोधण्यावरचा लेख वाचला. ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया प्रांतातल्या बॅलरॅटच्या सोन्याच्या खाणींवर ऐन तारुण्यात वारलेला कुणाचा तरी पणजोबा घरबसल्या सापडला, आनंद आहे. व्हिक्टोरियात १८५३ पासून मृत्यूची नोंद सक्तीची. दाखल्यावर आईबापाची नावं, जन्मगाव, वसाहतीत किती वर्षं काढली, कुठे पुरलं, सगळं हजर. पण तेवढ्यावरून ‘ही हौस आता कुणालाही सहज भागवता येते’ असं ठोकून द्यायचं?

आमच्या आजोबांचे थोरले भाऊ बेळगावहून कर्नाटकातल्याच कोलारला सोन्याच्या खाणीत फिटर म्हणून गेले. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, एअर ब्लास्टमध्ये गेले. (खोल बोगद्यात दाबाखालचा खडक एकाएकी फुटतो, त्याला तिथे हेच म्हणत.) इकडे मनीऑर्डर यायची थांबली, मग कुणीतरी गाववाला निरोप घेऊन आला. तिथी कळलीच नाही. म्हणून त्यांचं पान आम्ही आजही सर्वपित्रीला वाढतो. याला हौस म्हणत नाहीत, साहेब.

कोलारला खाणीच्या कचेरीत चौकशीला गेलो तर खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, ‘टोकन नंबर?’ म्हणजे कामगाराच्या बिल्ल्यावरचा नंबर. नाव सांगितलं, तर म्हणे नावावरून काही निघत नाही. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचा बिल्ला नंबर मी काय जानव्याला बांधून फिरतो? जुनी रजिस्टरं कुठे, विचारल्यावर शेजारच्या खिडकीकडे बोट. ती बंद. खाणी २००१ साली बंद झाल्या, ती बहुधा तेव्हापासूनच!

कावेरीवरच्या शिवनसमुद्र वीजकेंद्राहून १९०२ साली या खाणींना वीज आली, तिच्या तारा ९२ मैल लांब होत्या, हे कुठेही वाचायला मिळतं. इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून आलेल्या गोऱ्या खाणवाल्यांच्या कबरींवर नाव, वय, तारीख कोरलेली आहे. आणि ज्यांच्या जिवावर हे सोनं निघालं, त्या उत्तर अर्काटकडच्या तमिळ मजुरांच्या घरी काय शोधायचं? आमच्याकडे निदान हुद्दा तरी माहीत आहे. आपल्या लेखकांनी पुढचा भाग कोलारला जाऊन लिहावा. खिडकी मी दाखवतो.

आपला,
एक वाचक, बेळगाव

ता. क. लेखासोबत छापलेला फोटो सोन्याच्या नव्हे, दगडी कोळशाच्या खाणीचा आहे. आणि गेल्या रविवारच्या शब्दकोड्याची उत्तरं अजून छापलेली नाहीत.