उन्हाळ्याच्या नावाखाली वॉटर कूलिंगचा आग्रह

संपादक महोदय,

बारावीनंतर मुलांसाठी डेस्कटॉप जुळवून घेणाऱ्या पालकांना ‘आपल्याकडचा उन्हाळा कडक, तेव्हा वॉटर कूलिंगच घ्या’, म्हणजे प्रोसेसर (संगणकाची मुख्य चिप) पाण्याने थंड ठेवणारी यंत्रणा घ्या, असा सल्ला विदर्भातील दुकानांतून सर्रास दिला जातो. त्यामागील समज चुकीचा असून पालकांना विनाकारण भुर्दंड बसतो, म्हणून हे पत्र.

खिडकीतल्या कूलरमध्ये पाण्याची वाफ होते, म्हणून हवा गार होते. संगणकातील पाणी मात्र बंदिस्त नळ्यांतून फिरते. ते प्रोसेसरची उष्णता रेडिएटरपर्यंत, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्यांच्या जाळीपर्यंत, नेते आणि तेथून ती अखेर पंख्यानेच खोलीतील हवेत सोडावी लागते. खोलीत ४० अंश तापमान असेल, तर ते पाणी त्याखाली कधीच जाणार नाही. पाणी तापायला वेळ लागत असल्यामुळे दुकानातील दहा मिनिटांच्या चाचणीत आकडे छान दिसतात, परंतु तासन्‌तास काम चालले की कस लागतो तो रेडिएटरचा आणि पंख्यांचाच.

निर्णय प्रोसेसरच्या वॉटवरून घ्यावा; वॉट जितके जास्त, तितकी उष्णता जास्त. रायझन ५ ७६०० सारख्या ६५ वॉट वर्गातील प्रोसेसरला चार हीट पाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या नळ्या) आणि १२० मिलिमीटरचा पंखा असलेला एअर कूलर, म्हणजे प्रोसेसरवर बसणारा, फक्त हवेने थंड करणारा कूलर, सहज पुरतो. कोअर आय९ १४९००के मात्र पूर्ण भारावर २५३ वॉटपर्यंत जातो. त्यावर रोज ॲनिमेशनचे रेंडरिंग (अंतिम दृश्ये तयार करण्याचे जड काम) करणाऱ्याने मोठ्या रेडिएटरचे वॉटर कूलिंग अवश्य घ्यावे. उंच एअर कूलर न मावणाऱ्या लहान कॅबिनेटलाही ते सोयीचे.

बिघाडाचा विचार तर कोणी करतच नाही. एअर कूलरचा पंखा बंद पडला तर तेवढाच बदलता येतो. बंदिस्त वॉटर कूलरचा पंप बंद पडला की प्रोसेसर काही क्षणांतच तापतो, स्वतःचा वेग उतरवतो किंवा संगणक बंद पडतो, आणि बहुधा अख्खा संचच बदलावा लागतो. शिवाय वर्षानुवर्षे नळ्यांतून थोडेथोडे पाणी झिरपून आत हवा साठते. म्हणून रेडिएटर शक्यतो कॅबिनेटच्या वरच्या बाजूस बसवावा, म्हणजे ती हवा पंपात शिरत नाही.

धूळ दोन्ही प्रकारांना सारखीच नडते. उन्हाळ्याच्या तोंडावर पंखा उतरवून फिनांवर (धातूच्या पातळ पट्ट्यांवर) बसलेला राखाडी थर मऊ ब्रशने काढला, तरी तापमानात फरक दिसतो.

विक्रेत्यांनी कोटेशनवर प्रोसेसरची कमाल वॉट क्षमता, कूलरच्या वॉरंटीची मुदत आणि पंप बिघडल्यास तो स्थानिक पातळीवर बदलून मिळेल की नाही, हे लेखी द्यावे, अशी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, अकोला