हजार तासांतले तुमचे तास

आदरणीय सिस्टर,

स. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हातातही देता आलं असतं. पण तुम्ही ते न उघडता एप्रनच्या खिशात घातलं असतं, "कशाला एवढं मॅडम" म्हणाला असतात आणि पुढच्या ड्रेसिंगला लागला असतात. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. आपल्या केंद्रातून शिकून जाणाऱ्या व्यवसायोपचाराच्या (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणूनचे उपचार) मुलांचं कौतुक झालं की लोक माझ्याकडे बघतात, कारण त्यांची पर्यवेक्षक मी. ती मुलं तयार होण्यात एका सिस्टरचा किती मोठा वाटा आहे, हे धुळ्यातल्या आणि धुळ्याबाहेरच्या शिकवणाऱ्या मंडळींना कळावं असं मला मनापासून वाटतं.

जागतिक व्यवसायोपचार महासंघाच्या किमान निकषांनुसार या विषयाच्या विद्यार्थ्याने निदान १००० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करायचं असतं. लॉगबुकात त्या तासांचा हिशेब असतो आणि खाली पर्यवेक्षकाच्या सहीची जागा. ती सही आमच्याच शाखेच्या माणसाची असावी, हेही बरोबर. पण परवा गेलेल्या तुकडीची लॉगबुकं तपासताना पानापानावर मला तुम्ही दिसत होतात आणि नाव मात्र कुठेच नव्हतं. दुसऱ्या शाखेच्या मुलांना शिकवणं तुमच्या कामाच्या यादीत नाही. त्याचा भत्ता नाही, ड्युटी लावताना कुणी तो वेळ धरत नाही. वॉर्ड, ओपीडी, औषधांचा साठा, रजिस्टरं सांभाळून तुम्ही ते करत आलात.

सगळ्यात आधी त्या शिरपूरकडच्या आजींबद्दल. पक्षाघाताने उजवी बाजू गेलेली, हातात थोडी हालचाल परतलेली. मुंबईहून आलेल्या आमच्या विद्यार्थिनीने तपासणी नीट केली होती. स्नायूंचा ताठरपणा सुधारित अ‍ॅशवर्थ श्रेणीवर १+, म्हणजे थोडा वाढलेला, सांध्यांच्या हालचाली कोन मोजायच्या गोनिओमीटरने मोजलेल्या, पकड कमी. उद्दिष्ट लिहिलं होतं 'पकडीची ताकद वाढवणे' आणि पुढ्यात पेगबोर्ड, म्हणजे खुंट्या बसवायची भोकांची फळी, मांडला होता. आजी खुंट्या उचलत होत्या आणि मधूनमधून खिडकीबाहेर बघत होत्या. तुम्ही बीपी घ्यायला आलात. मुलीला काही बोलला नाहीत. आजींच्या शेजारी टेकलात आणि विचारलंत, "माय, घर काय काय करे तू?"

आजी पहिल्यांदा मोकळ्या बोलल्या, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या पुरणाच्या मांड्यांबद्दल. "आखाजीले मांडा कोन करी आते? हात मन्हं आयकत नही."

मग तुम्ही मुलीकडे वळलात. "ह्यांना मांडे करायचेत. मांड्याला हात कसा लागतो, बघितलंय का कधी?" तिने कुठून बघितलेलं असणार! दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तुम्ही घरून मळून आणलेली कणीक आणि पुरण टेबलावर ठेवलंत. उंडा भरलात, जरासा लाटलात आणि दोन्ही हातांवर घेऊन फिरवायला लागलात. कोपरं अंगापासून सुटलेली, मनगटं सैल, तळहात एकदा वर एकदा खाली, मांडा हातावरून कोपरांकडे उतरतोय आणि परत वर येतोय, आणि एवढ्या सगळ्यात कंबर जागच्या जागी. मुलीने वही काढली. खांदा किती उचलला, हात कुठे पालथा झाला, अंगाचं वजन कधी कुठल्या पायावर गेलं, ती लिहीत सुटली. कृतीचं विश्लेषण हा आमच्या विषयाचा पाया. पुस्तकांत त्याची उदाहरणं शर्ट घालण्याची, दात घासण्याची असतात. त्या दिवशी तिच्या वहीची पानं मांड्याने भरली.

आणि हात धुता धुता तुम्ही विचारलंत, "खापर तापलेलं असतं. ह्या हाताला चटका कळेल का?" गरम-थंड संवेदनेची तपासणी तिने केलेली होती, निष्कर्ष फाइलमध्ये होता, पण तो चुलीपर्यंत पोचला नव्हता. तो तिथे पोचवणारा प्रश्न परिचारिकेचा होता. व्यवसायोपचाराच्या मुलीला तो त्या क्षणी हवाच होता.

त्या आखाजीला आजींनी मांडे केले नाहीत. खापरापाशी बसायला आपण सगळ्यांनी मिळून नको सांगितलं. पण पुरणाचे उंडे त्यांनी दोन्ही हातांनी भरले आणि हात कसा फिरवायचा ते सुनांना बसल्या जागेवरून सांगितलं, असं त्यांचा मुलगा पुढच्या तारखेला येऊन सांगून गेला. विद्यार्थिनीच्या कागदावर पेगबोर्डच्या जागी तेच उद्दिष्ट आलेलं होतं: पाटावर बसून, विस्तवापासून लांब, दोन्ही हातांनी उंडे भरणे. उद्दिष्ट नेमकं कसं लिहायचं ते मी वर्गात शिकवते. ते शोधायचं कुठे, हे ती तुमच्याकडून शिकून गेली.

सोमवारच्या टीमच्या बैठकीत डॉक्टर, फिजिओ, वाचाउपचार तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, हातापायांना आधाराची साधनं बनवणारे ऑर्थोटिस्ट, समाजसेवा अधीक्षक सगळे असतात. रुग्णाची माहिती विद्यार्थ्याने मांडायची असा आपला नियम. पण मूल दोन वाक्यं बोललं की मोठ्यांच्या नजरा माझ्याकडे वळायच्या, प्रश्न मला यायचा, आणि मूल गप्प. तुम्ही एकदा जिन्यात मला थांबवून म्हणालात, "मॅडम, त्याच्या बाजूला नका बसू. मागे बसा." मी खुर्ची मागे घेतली. आता मला विचारायचं तर मान वाकडी करावी लागते, म्हणून डॉक्टर विद्यार्थ्यालाच विचारू लागले. आधी बघू द्यावं, मग सोबत करू द्यावं, मग एकट्याने, असं पर्यवेक्षणाबद्दल मी पुष्कळ ऐकलं आहे आणि ते खरंच आहे. पण खुर्ची कुठे ठेवायची हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणखी एक. १९५० साली कमलाबाई निंबकरांनी मुंबईत व्यवसायोपचाराची देशातली पहिली शाळा सुरू केली. तेव्हापासून इतक्या तुकड्या बाहेर पडल्या, तरी आपल्या भागात अजून "तुम्ही नक्की करता काय?" असं विचारलं जातं आणि मुलं गडबडतात. तुम्ही प्रत्येक तुकडीला पहिल्याच दिवशी ड्रेसिंगच्या टेबलापाशी उभं करता आणि सांगता, "तुमचं काम मला सांगा. पेशंटच्या आईला कळेल असं." इंग्रजी शब्द आला की तुम्ही मान हलवता, मूल पुन्हा सुरू करतं. महिन्याभरात तीच मुलं साक्रीच्या शेतकऱ्याला, शहाद्याच्या शिक्षकाला, मुलाला काखेत घेऊन आलेल्या आईला आपलं काम न अडखळता सांगतात. स्वतःच्या शाखेची ओळख दुसऱ्या शाखेच्या माणसासमोर उभं राहिल्यावर किती पक्की होते, ते मी तिथे बघितलं.

२०१० साली जागतिक आरोग्य संघटनेने एकत्रित शिक्षणाचा जो आराखडा काढला, त्यात दोन किंवा अधिक शाखांच्या मुलांनी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकावं असं म्हटलं आहे. आपल्याकडे नर्सिंग, फिजिओ आणि व्यवसायोपचाराची मुलं एकाच वेळी असतात, पण पूर्वी ती रुग्णाकडे एकामागून एक जायची. अमळनेरकडचा तो तरुण आठवतो ना, झाडावरून पडून कमरेखालचं अंग गेलेला? एका सकाळी तिघांनी त्याला तेच विचारलं. कसा पडलास, घरात कोण कोण, संडास कुठे आहे. तिसऱ्या वेळी त्याने भिंतीकडे तोंड केलं. तुम्ही तिघांना बाहेर घेतलंत, आवाज न चढवता. "एकाने विचारायचं, दोघांनी ऐकायचं. मग आपापलं लिहा."

त्यातून काय निघालं ते मी जवळून बघितलं. नर्सिंगची मुलगी लघवीच्या नळीबद्दल आणि पाठीच्या कातडीबद्दल इतक्या बारकाईने का विचारते, हे आमच्या मुलाने ऐकलं. पलंगावरून खुर्चीवर सरकताना हात कुठे टेकतो हे तो का विचारतोय, ते तिला कळलं. दुपारी दोघांनी मिळून दर दोन तासांनी कूस बदलायचं वेळापत्रक असं लावलं की कपडे घालायचा सराव त्यातच बसला. कूस बदलताना बाही चढवायची, पुढच्या वेळी पायजमा. त्या तरुणाला मधे सलग झोपायला मिळायला लागलं. आता ही पद्धत केंद्रात इतकी रुळली आहे की नव्या लोकांना ती पहिल्यापासूनची वाटते. ती तुमची आहे, हे इथे लिहून ठेवते.

जिनिंगमध्ये हात सापडलेल्या त्या कामगाराचा स्प्लिंट, म्हणजे हाताला धरून ठेवणारा आधार, मी विसरणार नाही. नागपूरच्या मुलाने थर्मोप्लास्टिक गरम पाण्यात मऊ करून पहिल्यांदाच स्वतः घडवलेला, कडा गुळगुळीत, पट्टे सरळ. त्याचा आनंद चेहऱ्यावर दिसत होता. थोड्या वेळाने तुम्ही म्हणालात, "काढ आणि बघ." करंगळीच्या बाजूला मनगटावर जे हाड वर येतं, त्यावर लाल ठसा. "आता घड्याळ लाव." पंधरा-वीस मिनिटांत लाली गेली नाही तर तिथे दाब पडतोय, हे त्याने वाचलेलं होतं. रुग्णाचा हात उशीवर ठेवून तो समोर बसून राहिला. लाली गेली नाही. तुम्ही थेट मला सांगू शकला असतात, त्यात काही वावगं नव्हतं. पण तुम्ही त्याला म्हणालात, "जा, मॅडमना तूच सांग." तो आला तेव्हा काय दिसलं आणि आता काय करायचं, दोन्ही घेऊनच आला. आम्ही हीट गनने तेवढी जागा तापवून उचलून घेतली. पोराचा उत्साह जराही न मोडता त्याच्याकडून काम सुधारून घेतलंत, आणि रुग्णाच्या कातडीला इजा होऊ दिली नाहीत.

धडगावच्या पाड्यावरच्या गृहभेटीचं थोडक्यात सांगते. सिकलसेल या रक्ताच्या आजारामुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला मुलगा, उकिडवं बसताना कळ यायची. मुलांनी उंच कमोडचं चित्र काढून आणलं होतं. तुम्ही त्याच्या आईबरोबर हातपंपापर्यंत उतरून गेलात आणि परत आल्यावर फक्त म्हणालात, "पाणी तिथून आणतात. किती लागेल ते बघा." शेवटी घरच्याच लाकडाची, मधे मोकळी, उंच बैठक ठरली, जी त्याच्या वडिलांनी स्वतः बनवली. सातपुड्यातल्या घरात काय टिकेल, हे मुलांना तिथे उभं राहूनच कळलं.

सिस्टर, मनापासून आभार. मुलांच्या वतीने, त्या आजींच्या वतीने, आणि सगळ्यात जास्त माझ्या स्वतःच्या वतीने. तुम्ही आमच्या मुलांना परकी मानलं नाहीत. त्यांना बोलू दिलंत, वेळ दिलात, जेवणाची सुट्टी दिलीत.

दिवाळीनंतर नवी तुकडी येते आहे. सोमवारची बैठक तुमच्या सकाळच्या औषधांच्या वेळेत येते आणि तुम्हाला दरवेळी मधेच उठून जावं लागतं, म्हणून मी सगळ्यांशी बोलून ती साडेअकराला घ्यायचं ठरवलं आहे. पहिल्या सोमवारी मुलं तुमच्यासमोर आपलं काम सांगतील. तुम्ही या.

आपली नम्र,
केंद्रातली व्यवसायोपचार तज्ज्ञ
धुळे