बाबांचे कान आणि आईची चक्कर

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर कानांचं बोलणं धड होत नाही. बाबांना निम्मं ऐकू जात नाही आणि उरलेलं निम्मं आई स्वतःच्या शब्दांत सांगते. म्हणून लिहून पाठवते आहे. कागद फ्रिजवर लावून ठेवा.

जे थांबू शकत नाही ते आधी. एका कानाचं ऐकू येणं अचानक, म्हणजे रात्रीतून किंवा फार तर 3 दिवसांत गेलं, तर "मळ असेल, सोमवारी बघू" असं करायचं नाही. त्याच दिवशी, नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं. कानाच्या आतल्या भागाला किंवा नसेला इजा झाली असेल तर स्टिरॉइडच्या गोळ्या लवकर सुरू कराव्या लागतात. पहिल्या काही दिवसांत त्यांचा उपयोग होतो, 2 आठवडे उलटल्यावर फारसा होत नाही. घरी एक ढोबळ परीक्षा करता येते. तोंड मिटून "म्म्म" असा सूर धरायचा. सूर बंद पडलेल्या कानात जास्त घुमला तर बहुधा मळ किंवा कानाच्या पडद्याकडची अडचण. चांगल्या कानात घुमला तर आतल्या कानाचं दुखणं. डॉक्टरांकडे जायचं दोन्हीत, फक्त दुसऱ्यात चप्पल लगेच पायात घालायची. आई, अशा वेळी तुझा मधुमेह त्यांना आधी सांग. स्टिरॉइडनं साखर चढते, मग गोळ्यांऐवजी पडद्यातून कानात इंजेक्शन देण्याचाही पर्याय असतो.

आता बाबा. तुमची तक्रार "ऐकू येतं, पण काय म्हणतात ते कळत नाही" अशी आहे, आणि वयानं येणाऱ्या बहिरेपणाचं वर्णन याहून नेमकं करता येणार नाही. आतल्या कानातल्या केसांसारख्या बारीक पेशींपैकी वरच्या पट्टीतला आवाज टिपणाऱ्या आधी झिजतात. आ, ई, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि दणकट, ते ऐकू येत राहतात. स, श, त, क, फ ही व्यंजनं बारीक आणि वरच्या पट्टीतली, ती गळतात. आई "साखर" म्हणते, तुम्हाला "भाकर" ऐकू येते. टीव्ही मोठा केला की स्वर आणखी मोठे होतात, गळलेली व्यंजनं परत येत नाहीत. शिवाय या दुखण्यात हलका आवाज ऐकू येत नाही आणि जरा मोठा झाला की सहन होत नाही. "जरा मोठ्यानं बोल" आणि पाठोपाठ "ओरडतेस कशाला" ही तुमची दोन्ही वाक्यं खरी आहेत, आईनं रागावू नये. आई, स्वयंपाकघरातून हाक मारून वाक्य फेकू नकोस. समोर ये, आधी "अहो" म्हण, मग सावकाश बोल. नाही कळलं तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांग.

तपासणी अशी होते. आधी डॉक्टर दिव्यानं कान बघतात, मळ असेल तर काढतात. मळ तसाच ठेवून केलेली तपासणी फुकट जाते. मग ऑडिओलॉजिस्ट (ऐकू येणं मोजणारे तज्ज्ञ) आवाजबंद खोलीत हेडफोन लावून 250 ते 8000 हर्ट्‌झपर्यंतचे सूर ऐकवतात. अगदी बारीक ऐकू आला तरी बटण दाबायचं, खात्री होईपर्यंत थांबायचं नाही. नंतर कानामागच्या हाडावर कंपनाचं यंत्र ठेवून तेच करतात. हाडातून चांगलं आणि हेडफोनमधून कमी ऐकू आलं तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात: पडद्याला भोक, मागे पाणी, किंवा आतलं रिकिबीसारखं हाड धरलेलं. यातल्या बऱ्याच गोष्टी औषधानं किंवा शस्त्रक्रियेनं सुधारतात. हाडातून आणि हेडफोनमधून सारखंच कमी ऐकू आलं तर झीज आतली, तिला औषध नाही. "नसेला ताकद देणाऱ्या" गोळ्यांवर पैसे घालवू नका. शब्द ऐकवून ते परत म्हणायला लावण्याची चाचणीही मागून घ्या, कानाच्या मशीनचा उपयोग किती होईल हे तीच सांगते. आणि दोन कानांत मोठा फरक निघाला, किंवा एकाच कानात सतत गुणगुण असली, तर एमआरआय लिहून देतील. घाबरू नका, क्वचित नसेवर साधी गाठ असते, ती नाही ना एवढंच बघायचं असतं.

मशीन घ्यायचं तर तुमच्या तपासणीत निघालेल्या आलेखाप्रमाणे संगणकावर जुळवून दिलेलंच घ्या. जाहिरातीतली आवाज वाढवणारी स्वस्त यंत्रं सगळंच वाढवतात, पंखा आणि कुकरची शिट्टीसुद्धा. दोन्ही कान गेले असतील तर दोन्हींना मशीन लागतं. एकाच कानाला लावलं की आवाज कुठून आला ते कळत नाही आणि चारचौघांत गोंधळ होतो. विकत घेण्याआधी घरी वापरून बघायला मागा. सुरुवातीला शांत खोलीत दिवसाला 2-3 तास, मग टीव्ही, मग बाजार. मेंदूला हे आवाज पुन्हा ओळखीचे व्हायला काही आठवडे जातात. बरेच लोक सुरुवातीलाच कंटाळून मशीन कपाटात ठेवतात, आणि "मशीननं काही होत नाही" ही समजूत तिथूनच पसरते. ऑडिओलॉजिस्टकडे 2-3 फेऱ्या सेटिंगसाठी होणारच, त्या धरून चाला.

मशीनवरची लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या. बॅटरीचं स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या, मगच आत घाला. स्टिकर एकदा काढलं की मशीन बंद असलं तरी बॅटरी उतरत राहते. रात्री बॅटरीचं झाकण उघडं ठेवा आणि मशीन सिलिका जेलच्या डबीत. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे चुकवलं तर दमटपणानं मशीन बिघडतंच. शिट्टी वाजायला लागली तर मशीनला दोष देण्याआधी दोन गोष्टी बघा: मशीनची कानात जाणारी टोपी नीट बसली आहे का, आणि कानात मळ साचला आहे का. सरकारी ठिकाणी दाखवायचं असेल तर मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, तिथे तपासणी आणि मशीन दोन्ही होतं.

आई, तुझी चक्कर. कुशीवर वळताना किंवा वरच्या फळीकडे बघताना घर फिरतं आणि मिनिटभराच्या आत थांबतं, तर ती मानेच्या मणक्याची नाही, कानाची आहे. पट्टा घालून काही होणार नाही. आतल्या कानात तोल सांभाळणारे कॅल्शियमचे बारीक कण असतात. ते जागचे सुटून अर्धवर्तुळाकार नळीत गेले की डोकं हलताच खोटा इशारा देतात. निदानासाठी डॉक्टर मान 45 अंश वळवून तुला झटकन आडवं करतील आणि डोळे फडफडतात का ते बघतील. चक्कर येईल, पण डोळे मिटू नकोस. मग ज्या बाजूला चक्कर आली त्याच बाजूची, कण जागेवर नेणारी इप्ली नावाची कृती. उजवा कान असेल तर मान उजवीकडे, आडवं होऊन डोकं किंचित मागे लोंबतं, मग मान डावीकडे, मग अंगासकट डाव्या कुशीवर नाक जमिनीकडे, मग हनुवटी छातीशी धरून उठून बसायचं. प्रत्येक स्थितीत 30 ते 60 सेकंद. पुष्कळदा एक-दोन वेळांत बरं वाटतं. पहिल्यांदा घरी करू नकोस. बाजू चुकली तर उपयोग शून्य, आणि तुझी मान दुखरी आहे.

चक्करच्या गोळ्या कण जागेवर बसवत नाहीत. स्टेमेटिल किंवा सिनारिझिन महिनोन्महिने घेतलं तर उतारवयात हात थरथरणं, चाल मंदावणं सुरू होऊ शकतं. तू किती दिवस घेते आहेस ते डॉक्टरांना मोजून सांग. चक्कर तासन्‌तास टिकते, सोबत कान दडतो आणि गुणगुणतो, तर तो मेनिएरचा आजार असू शकतो. त्यात मीठ कमी करायला सांगतात, म्हणजे लोणचं-पापड. आणि चक्करसोबत बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसू लागले, एक बाजू लुळी पडली किंवा धरूनही उभं राहता येईना, तर कान सोडून द्यायचा आणि थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं. तो मेंदूचा झटका असू शकतो.

मळाचं थोडक्यात. कान स्वतःला साफ करतो. इअरबड, केसांचा आकडा, काडेपेटीची काडी, सगळी मळ आत ठासतात. लसूण घालून कढवलेलं तेल अजिबात नाही. मळ मऊ करायचे थेंब 4-5 दिवस, दिवसातून तीनदा, 3-4 थेंब. बाटली मुठीत धरून कोमट करा, थंड थेंबानं चक्कर येते. मळ फुगून एखादा दिवस कमी ऐकू येतं, तेवढ्यानं घाबरू नका. आई, तुझा मळ पिचकारीच्या पाण्यानं न काढता दुर्बिणीखाली यंत्रानं ओढून काढायला सांग. मधुमेहात कानाच्या कातडीला जखम होऊन जंतू हाडापर्यंत जाऊ शकतात. रात्री झोपू न देणारी कळ, कानातून पू, तोंड वाकडं होणं ही त्याची लक्षणं. त्यात दुसरा दिवस उजाडायची वाट बघू नकोस.

पावसाळ्यात कान खाजला आणि आतून ओल्या कागदासारखा मळ निघाला तर ती बुरशी. तिला अँटिबायोटिकचे थेंब उलटेच पडतात. कान वाहत असेल तर घरातले जुने थेंब घालू नका. पडद्याला भोक असताना जेंटामायसिनसारखे थेंब आतल्या कानाला अपाय करू शकतात. वाहणाऱ्या पाण्याला घाण वास असेल तर हाड कुरतडणारी कातडी वाढलेली असू शकते, तिला शस्त्रक्रियाच लागते.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन जा. काही लघवीच्या गोळ्या आणि मोठ्या डोसातलं अ‍ॅस्पिरिनही ऐकू येण्यावर परिणाम करतं. आदल्या दिवशी कानात काही घालू नका. आलेखाचा सरळ फोटो मला पाठवा: गोल खुणा उजव्या कानाच्या, फुल्या डाव्याच्या.

तुमची लेक