तुमच्या खोलीची जमीन

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बोलता बोलता रेंज गेली आणि आईचं वाक्य अर्धंच राहिलं. "लाकडाची जमीन? गोव्यात? अगो आणि रोयण..." एवढंच ऐकू आलं, म्हणजे तुला ओलीची आणि वाळवीची भीती. फोनवर हे सगळं नीट सांगता येणार नाही म्हणून लिहून काढतेय, प्रिंट काढून दादाबरोबर पाठवते. बाबा, चष्मा लावून निवांत वाचा आणि आईलाही वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

आमच्याकडच्या तुमच्या खोलीत लाकडाची जमीन घालतेय, ती का ते आधी सांगते. गेल्या जुलैमध्ये बाबा आमच्याकडे पर्वरीला मागच्या खोलीत घसरून पडले तेव्हा सगळे विचारत होते पाणी कोणी सांडलं, पण पाणी कोणीच सांडलं नव्हतं, लादीच ओली होती. पावसाळ्यात बाहेरची दमट हवा आत येते, लादी गार असते, मग हवेतलं पाणी लादीवर धरतं, आपण म्हणतो ना लादीला घाम फुटला, तसं. मनगटावर निभावलं. पण बाबा, तेव्हापासून तुम्ही आमच्याकडे आलात की भिंतीला हात लावून चालता, मी बघते, बोलत नाही. लाकूड लादीसारखं गार पडत नाही त्यामुळे त्याच्यावर असा घाम सहसा धरत नाही. आणि आई, तुला कितीही खुर्च्या दिल्या तरी तू भाजी खालीच बसून चिरणार, वाती खालीच बसून वळणार आणि मग रात्री गुडघे चोळत बसणार. म्हणून म्हटलं आता जमीनच बदलूया.

आता आईच्या प्रश्नाचं. आई, तुझी भीती खोटी नाहीच. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. लाकूड हवेतला ओलावा पितं आणि फुगतं, कोरड्या दिवसात तो सोडतं आणि आकसतं, आणि हे फुगणं लांबीला जवळजवळ नाहीच, जास्त करून रुंदीला. गावच्या घरी माडीवरच्या फळ्या एवढी वर्षं राहिल्या कारण त्यांच्या खालून वारा खेळायचा आणि फळ्यांमध्ये फटी होत्या, आमच्या लहानपणी त्या फटीतून खाली माजघरात खडू पाडायचा खेळ असायचा आठवतं? आमचा फ्लॅट तळमजल्यावर, खाली सरळ माती. म्हणून अख्ख्या सागवानाच्या पट्ट्या मी घेतल्याच नाहीत, मन खूप होतं तरी. इंजिनिअर्ड म्हणतात ते घेतलंय, म्हणजे वरचा थर खरा लाकडाचा आणि खाली पातळ थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवलेले, त्यामुळे ते कमी हलतं. १४ मिलिमीटर जाडी. पॉलिश मॅट सांगितलंय, चकचकीत नको, पाय सरकतो.

एका दुकानदाराने तर सांगितलं होतं, ताई उद्याच माणसं पाठवतो, आहे त्या लादीवर अंथरायचं, दोन दिवसांत काम खलास. मी नाही म्हटलं. त्याने एकदाही विचारलं नाही की खाली ओल आहे का.

आणि ओल होती! मी दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचे तुकडे कापले आणि खोलीत चार ठिकाणी चारही कडांना टेप लावून चिकटवले. तीन ठिकाणी लादीच्या सांध्यावरच लावले कारण ओल लादीतून नाही, सांध्यातून वर येते. चौथ्या ठिकाणी मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात एक लादी आधीच हलत होती ती काढून घेतली आणि खालच्या सिमेंटवर लावला. चोवीस तासांनी बघितलं तर तीन ठिकाणी काही नाही आणि त्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या आतून थेंब थेंब आणि सिमेंट काळपट पडलेलं. लाकूड आधी टाकलं असतं तर हे सगळं पाणी खालून त्याने प्यायलं असतं आणि पहिल्याच पावसाळ्यात पट्ट्या कडांना उचलल्या असत्या. मग दोन दिवस मी आणि जावई तुमचे त्या ओलीचं मूळ शोधत होतो. बाहेर जाऊन बघितलं तर परसातली माती, मीच अबोलीसाठी टाकत गेले ती, भिंतीला लागून आतल्या जमिनीपेक्षा वर चढली होती, आणि एसीचा पाइप नेमका त्याच मातीत ठिबकत होता. माती सगळी काढली, भिंतीपासून उतार दिला, पाइप लांब नेला. अबोली आता कुंडीत आहे आई, मेली नाही.

पण भिंत लगेच सुकत नाही, म्हणून काम पावसाळ्यात करायचंच नाही हे पक्कं. चवथ झाली, गणपतीवरची माटोळी उतरली की ऑक्टोबरच्या शेवटी परत प्लास्टिक लावून बघणार, थेंब आले तर अजून थांबणार. दादा म्हणतो एवढा कसला उशीर, गणपतीच्या आधी करून टाक. मला ते पटत नाही, लाकडाच्या खालचं जे काम आहे तेच खरं, वरच्या पट्ट्या माणसं दोन दिवसांत लावतात.

रोयणीचं म्हणशील तर जमीन घालायच्या आधी भिंतीच्या कडेने भोकं पाडून औषध सोडणार आहेत, मग ती भोकं बुजवायची आणि खोली दोन-चार दिवस उघडी ठेवायची. तू म्हणतेस रोयण म्हणजे सातेरी देवी, तिला मारू नये. देवळातल्या, राईतल्या वारुळाला मी कधी हात लावणार नाही, आई, तुझ्याचसारखी मीही तिथे हात जोडते. इथे फक्त घराच्या भिंतीकडे यायची तिची वाट बंद करतेय. ओल गेली की तशीही ती कमी येते.

मग लेव्हल. मेस्तने, म्हणजे आपल्या सुताराने, लांब अॅल्युमिनियमची पट्टी सगळीकडे फिरवून दाखवली, खिडकीजवळ जमीन ८ मिलिमीटर खाली बसलीय. तीन मीटरमध्ये ५ मिलिमीटरच्या आसपास फरक चालतो, जास्त असला तर चालताना पट्टी खाली दबते, कुईं कुईं वाजते आणि जोड सुटतात. तो खड्डा भरायचा. नाण्याने ठोकून लाद्या बघितल्या, चार पोकळ वाजल्या, त्या काढून परत बसवायच्या. त्याच्यावर जाड प्लास्टिक, पट्टीवर पट्टी चढवून टेप, त्याच्यावर फोम आणि मग लाकूड. भिंतीपासून चारही बाजूंनी १० ते १२ मिलिमीटर जागा सोडायची, ती स्कर्टिंगखाली लपते. ही जागा सोडली नाही तर फुगलेलं लाकूड भिंतीला अडतं आणि मधोमध वर येतं. भिंतीतलं मोठं कपाट म्हणूनच तसंच लादीवर राहील, लाकूड त्याच्यासमोर थांबवायचं, एवढं वजन वर ठेवलं तर जमीन हलायची तिथे हलत नाही. दरवाजा खालून कापावा लागेल, ते किरकोळ.

डब्बे आले की ते लगेच उघडायचे नाहीत. खोलीतच आडवे ठेवायचे, भिंतीला उभे टेकवून नाही, ओल्या कोपऱ्यापासून लांब, आणि आपण रोज राहतो तशी खिडकी-पंखा चालू ठेवून कमीत कमी तीन दिवस. लाकडाला त्या खोलीची हवा लागू द्यायची.

बाबा, आता जे मला सगळ्यात जास्त खातंय ते. लाकूड आणि फोम मिळून खोलीची जमीन हॉलपेक्षा साधारण १६-१७ मिलिमीटर वर येणार. अख्ख्या घरात करायला आत्ता पैसे नाहीत. एवढीशी पायरी तरण्या माणसाला कळत नाही पण तुम्ही उजवा पाय ओढत चालता, रात्री बाथरूमला उठता, तिथेच अंगठा अडकायचा. ज्या पडण्यासाठी हे सगळं करतेय तेच मी दारात मांडून ठेवल्यासारखं होईल. दुकानात अॅल्युमिनियमच्या उतरत्या पट्ट्या मिळतात पण त्या अरुंद, उतार एकदम येतो. मेस्त म्हणाला रुंद फळी असेल तर तिला रंधा मारून हातभर उतार करून देतो, पाय सहज चढेल, आणि कडेला वेगळा रंग असला की अंधुक उजेडातही दिसेल. मी दाराखाली छोटा रात्रीचा दिवाही लावणार आहे.

तर त्यासाठी माडीच्या फळ्या काढल्या तेव्हा तुम्ही फणसाची एक पिवळी फळी माळ्यावर ठेवली होती ती हवीय. त्या फळीवर तुम्ही पाढे म्हणवून घ्यायचे माझ्याकडून. दाराची रुंदी ९० सेंटिमीटर आहे, लांबी तेवढी भरते का बघा, आणि बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा दिसतो का तेही बघा, दिसला तर पाठवू नका, कीड इथल्या लाकडाला लागेल. तुम्ही स्वतः माळ्यावर चढू नका, शेजारच्या पोराला सांगा.

आई, फळी मिळाली की तिला धुऊ नकोस, उन्हातही टाकू नकोस, फाटेल. पडवीत सावलीत आडवी ठेव. दादा पुढच्या शनिवारी गाडी घेऊन येतोय, त्याच्याकडे द्या. आणि तू वाती वळायला खिडकीजवळ बसणार की पलंगाच्या बाजूला ते त्याच्याकडे निरोप देऊन सांग, खिडकीत दुपारी ऊन येतं, लाकडाचा रंग तिथे बदलेल, पण तुला तीच जागा हवी असेल तर बदलू दे.

तुमची,
बाय