टोपीवर काय भरायचं, काय सोडायचं

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या सोलर बसवणाऱ्या पोरांसाठी रात्री तू व्हॉट्सॲपवर पाठवलेलं टोपीचं डिझाइन आज भरतकामाचं मशीन सुरू करायच्या आधी नीट पाहिलं. घर, त्यावर सोलर पॅनल, बारा किरणांचा सूर्य, मधून वीज, खाली फर्मचं नाव, त्याखाली इंग्रजी ओळ आणि मोबाइल नंबर. चित्र सुंदर आहे, लेटरहेडवर शोभेल. टोपीवर ते बसणार नाही, आणि का बसणार नाही ते फोनवर घाईत सांगण्यापेक्षा लिहिते.

टोपीच्या पुढच्या बाजूला आपल्या हातात उंचीला जेमतेम साडेपाच सेंटिमीटर जागा असते. त्यात अक्षर पाच-सहा मिलिमीटरपेक्षा लहान झालं की दोरे एकमेकांत शिरतात आणि ‘अ’चा गोळा होतो. मराठीला तर आणखी जागा हवी. तुझ्या नावातल्या ‘ऊर्जा’वर रफार आहे. तो शिरोरेषेला चिकटला की लांबून ‘ऊजा’ वाचलं जातं. म्हणून नाव मोठं घे, मराठीतच ठेव आणि इंग्रजी ओळ काढून टाक. शिरोरेषा जाड भरली की अख्खं नाव एका पट्टीसारखं उठून दिसतं.

नंबर तर अजिबात नको. मी नवीन मशीन घेतलं तेव्हा एका रंगकाम ठेकेदाराच्या साठ टोप्यांवर दहा आकडी नंबर भरून दिला होता. तीन आणि आठ यांत फरकच कळेना. साठच्या साठ टोप्या परत आल्या आणि कापडाचे पैसे माझ्या अंगावर पडले. नंबर टेम्पोवर लिही, कार्डावर छाप. दारात उभ्या माणसाच्या कपाळावरचा नंबर कोणी वाचत नाही गं.

आता शिवणीचं. सहा तुकडे जोडलेल्या सिक्स पॅनल टोपीला बरोबर मधोमध शिवण असते, तिथे कापडाचे थर जास्त. तुझी वीज नेमकी त्या शिवणीवर उभी आहे. इतकी बारीक उभी रेघ तिथे भरताना सुई सरकते, दोरा तुटतो आणि रेघ शिवणीत बुडते. एक तर मधे शिवण नसलेली फाइव्ह पॅनल टोपी घेऊ, नाहीतर वीज काढू. मला विचारशील तर वीज काढ. छपराची एक तिरपी रेघ, तिच्यामागून वर आलेला अर्धा सूर्य, पाच जाड किरण. पुरे. रंगही दोनच. पडद्यावर पिवळ्यातून केशरी हळूहळू मिसळतो तसा दोऱ्यात मिसळत नाही.

टी-शर्टसाठी केलेली फाइल टोपीला चालवू नकोस. टोपी गोल असते, टाके पडत जातात तसं कापड पुढे सरकतं. म्हणून टोपीचं पंचिंग, म्हणजे मशीनसाठी टाक्यांचा क्रम आखणं, मधून बाहेर आणि खालून वर असं करावं लागतं. ते मी आपल्या नेहमीच्या पंचिंगवाल्याकडून करून घेते. दर हजार टाक्यांवर असतो, त्यामुळे किरण कमी केलेस की खर्चही उतरेल.

रंग तू काळा मागितलास. सोनू, तुझी पोरं एप्रिल-मेमध्ये पत्र्यावर चढतात. काळी टोपी तापते, आणि घाम वाळला की मिठाच्या पांढऱ्या रेघा सगळ्यात आधी तिच्यावरच दिसतात. फिकट राखाडी सुती ड्रिलचं कापड घे. आत घामपट्टी रुंद हवी. दोरा पॉलिएस्टरचा लावते. रेयॉनला चमक जास्त असते, पण उन्हात आणि धुण्यात त्याचा रंग उतरतो. आणि प्रत्येकाला दोन टोप्या दे, म्हणजे एक धुता येईल. एकाच टोपीत पोरं महिनाभर घाम जिरवतात आणि मग ती घालायची सोडून देतात.

एक गोष्ट मात्र मनावर घे. ही टोपी गिऱ्हाइकाच्या दारात, मोजमाप घेताना, टेम्पोत. छपरावर चढताना हेल्मेटच, आयएसआय शिक्क्याचं, हनुवटीचा पट्टा आवळून. टोपीवर हेल्मेट घालू देऊ नकोस. पुढच्या टोकामुळे हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही आणि पडल्यावर ते उपयोगाचं राहत नाही. २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून तुझी कामं वाढली, घाईही वाढली. म्हणून परत परत सांगते.

तू विचारलंस, सुपरवायझरसाठी वेगळ्या रंगाची टोपी करू का? नको. मुंबईच्या डबेवाल्यांकडे बघ. मुकादम असो की डबे वाहणारा, टोपी तीच पांढरी, तिच्यावर एक अक्षर नाही, तरी कोणाला विचारावं लागत नाही हा कोण. तुझ्याकडचा सगळ्यात लहान हेल्पर, वायरचं भेंडोळं धरून मागे उभा राहतो तो, त्याला तीच टोपी मिळू दे. अनोळखी घरात बाई एकटी असते, दार उघडते आणि आधी त्या पोराकडे बघते. आपल्याकडेही गच्ची दुरुस्तीची माणसं आली तेव्हा मी दाराची साखळी काढली नव्हती, तुला आठवत असेल. त्या पोराकडे संशयानं बघितलं जाऊ नये, यासाठी मी हे टाके घालणार आहे.

पहिल्यांदा एकच नमुना करून पाठवते. एका पोराला चार दिवस उन्हात घालायला लाव, दोनदा धुवायला सांग, मग रस्त्याच्या पलीकडे उभी राहून नाव वाचता येतं का बघ. आलं तरच बाकीच्या टोप्या मशीनवर चढवते.

सगळ्यांच्या डोक्याचा घेर कापडी टेपनं मोजून पाठव, भुवयांच्या बोटभर वरून. तुझाही. तुझ्या टोपीची मागची कमान जरा वर कापून घेते, म्हणजे वेणी बाहेर निघेल.

तुझी,
आई
सोलापूर